तपासणाऱ्याच्या रकान्यातलं तुमचं नाव

नीलिमाताई,

गुरुवारी दुपारपर्यंत तुमच्या नावापुढचा ठिपका हिरवाच होता. तुम्ही गेलात मंगळवारी सकाळी.

ऑफिसच्या चॅटमध्ये माणूस कामावर असला की नावापुढे हिरवा ठिपका असतो आणि उठून गेला की तो राखाडी होतो. तुमचा झालाच नाही. मंगळवारी संध्याकाळी घाटावरून परत आल्यावर मी हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप उघडला, आणि तुम्ही तिथे होतात. बुधवारीही होतात. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी जाऊन ते बंद केलं असतं.

नंतर कळलं की शुक्रवारी ताप घेऊन घरी गेल्यावर तुम्ही लॅपटॉपवर एक टेस्ट लावून ठेवली होती. प्रॉक्सी, म्हणजे आपण बनवतो तो प्रोग्रॅम, आठवडाभर सलग चालवली तर मेमरी वाढत जाते का, ते बघायचं होतं. लॅपटॉप मध्येच झोपू नये अशीही सोय करून ठेवली होती. गुरुवारी तुमच्या मिस्टरांना, सुनीलदादांना, घरातल्या तुमच्या टेबलावर लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज आला. त्यांनी झाकण मिटलं. ठिपका राखाडी झाला तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होते. मंगळवारी मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

तुमची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या सरांनी बोलावलं. म्हणाले, टीमच्या पानावर नीलिमाबद्दल काहीतरी लिही, तू तिच्या शेजारी बसायचीस. मी नेहमीप्रमाणे "हो सर" म्हणाले. मग बरेच दिवस एक ओळही लिहिता आली नाही. तुमच्याबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण त्यातली एक गोष्ट आधी लिहिली नाही तर बाकीची सगळी मला खोटी वाटेल. म्हणून तुम्हालाच सांगते. बाकीचे वाचतील, सरही वाचतील. चालेल.

कॉलेजातून इंटर्न म्हणून आले त्या पहिल्या दिवशी मी तुम्हाला मॅडम म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "मॅडम बँकेत असते. मले ताई म्हण." मग विचारलंत, आपण इथे काय बनवतो ते माहीत आहे का. मी सांगितलं, डेटाबेस प्रॉक्सी. म्हणजे काय? मी इंटरनेटवरची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली.

"पाठ आहे. समजलं का?"

"हो."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तुझं हो म्हणजे आमच्या कोराडीच्या कॉलनीतली बस आहे वं. येते म्हणते, येत नाही."

आशिषभाऊ पलीकडच्या खुर्चीत हसले. मला लाज वाटली, पण तुम्ही थांबला नाहीत. कागद ओढून तीन चौकोन काढलेत. म्हणालात, हे तीन डॉक्टर, आपापल्या केबिनमध्ये. बाहेर पन्नास पेशंट. दारात एक माणूस स्टुलावर बसला आहे, तो म्हणजे आपण. कोणाला कुठल्या केबिनमध्ये पाठवायचं ते तो ठरवतो. पेशंटला डॉक्टर किती आहेत हे माहीत नसतं, डॉक्टरला बाहेर गर्दी किती हे माहीत नसतं. "आता सांग, या माणसाचं सगळ्यात मोठं काम काय?"

मी म्हटलं, रांग लावणं.

"नाही. आत डॉक्टर आहे की नाही, ते माहीत असणं. मागच्या दारानं डॉक्टर निघून गेला आणि हा आपला पेशंट पाठवूनच राहिला, तर सगळ्या दवाखान्याचा सत्यानाश."

त्या दिवशी मला पहिल्यांदा खरंच समजलं. तरी मी "हो" आधीच म्हणून मोकळी झाले होते.

या सवयीबद्दल थोडं सांगते. सबब म्हणून सांगत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. आई भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवतात-निवडतात त्या मोकळ्या जागेवर, देठं खुडायला जाते, बाबा तिथलीच पोती गाडीत चढवतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात सर विचारायचे, समजलं का? सगळे हो म्हणायचे. मला वाटायचं, सगळ्यांना समजतं, मला एकटीलाच नाही, आणि नाही म्हटलं की मी कुठून आले ते सगळ्यांना दिसेल. म्हणून आधी हो म्हणायचं आणि मग रात्रंदिवस खपून ते हो खरं करायचं, असं मी ठरवलं. तीन वर्षं ते जमलं. बहुतेक वेळा हो आणि खरं यांच्यात एखाद्या दिवसाचंच अंतर असायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही मला पहिलं मोठं काम दिलंत. दारातला माणूस दर थोड्या वेळाने आत डोकावून विचारतो, डॉक्टर आहेत का? तो विचारण्याचा भाग जुना झाला होता, नव्याने लिहायचा होता. मी लिहिला. मागचा सर्व्हर "आहे" म्हणाला की हिरवा. "नाही" म्हणाला, किंवा दार लावून घेतलं, की लाल. तुम्ही ओळ न् ओळ वाचलीत. खुर्ची वळवून विचारलंत,

"आणि उत्तरच नाही आलं तर? ना हो, ना नाही?"

"ते पाहिलं ताई. टेस्ट आहे."

"आहे?"

"हो."

"मग जाऊ दे." आणि तुम्ही मंजूर केलंत.

टेस्ट नव्हती. ती वेळ मुद्दाम आणून कोड काय करतो ते बघणारा छोटा प्रोग्रॅम दुपारी लिहू असं मनात होतं. मग हिंगणा रोडवर कॉलेजात जर्नलवर सह्या घ्यायला गेले, तिथे संध्याकाळ झाली, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. आणि खरं सांगायचं तर मी विसरले. उत्तर आलं नाही तर माझा कोड आधीचाच रंग ठेवून पुढे जात होता. आधी हिरवा असेल तर हिरवा.

मार्चमधल्या त्या सोमवारची सकाळ तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना सांगते. आपली प्रॉक्सी वापरणारी एक पॅथॉलॉजी लॅब होती. शहरात तिची बरीच सेंटर. तिच्या दोन डेटाबेस सर्व्हरांपैकी एकाची डिस्क अडकली. तो बंद पडला नाही. दार उघडायचा, समोरच्याला आत घ्यायचा आणि गप्प बसायचा. आपल्या पडद्यावर तो हिरवा. त्यामुळे रिपोर्टच्या निम्म्या मागण्या दारातला आपला माणूस तिकडेच पाठवी आणि त्या आत अडकून राहत. पहिला फोन मीच उचलला. काउंटरवरच्या बाई बोलत होत्या, "मॅडम, इथं लोक अंगावर येऊन राहिले. एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टसाठी थांबलं आहे, तिचा मुलगा माझ्यासमोर उभा आहे. काय सांगू त्याले?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय.

मी हे वाक्य म्हणाले, ताई. अजून आठवतं.

तुम्ही आलात, पर्स खांद्यालाच होती. पडद्याकडे बघत उभ्या राहिलात. बाकी सगळे लाल शोधत होते. तुम्ही त्या सर्व्हरच्या उत्तराच्या वेळेवर बोट ठेवलंत. सकाळपासून एकच आकडा होता. "हा काहून हलून नाही राहिला वं?" आणि मग स्वतःशीच, "हा तर शेवटचा आलेला आकडाच आहे. तेव्हापासून उत्तरच नाही." तुम्ही हाताने तो सर्व्हर यादीतून काढलात. दहा मिनिटांत रिपोर्ट सुरू झाले. त्या बाईचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

त्या दिवशी जेवताना तुम्ही तुमच्या बाबांची गोष्ट सांगितलीत. ते कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. आई दोरीवरच्या कपड्यांवरची राख झटकायची आणि बाबा ताटावर बसून म्हणायचे, काटा शून्यावर पडला तर माणूस धावतो. काटा जागचा हललाच नाही तर माणूस चहा पितो. त्या न हलणाऱ्या काट्याले भ्यायचं. सगळे हसले. मी उघडलेला डबा तसाच परत लावला. मला वाटलं, आता तुम्ही विचाराल, पायल, ती टेस्ट कुठे आहे?

तुम्ही विचारलं नाहीत.

आपल्याकडे काही बिघडलं की काय घडलं त्याची नोंद लिहून ठेवायची पद्धत तुम्हीच सुरू केलीत. तिचा एक नियम होता. नोंदीत कोड लिहिणाऱ्याचं नाव नाही, फक्त तपासणाऱ्याचं. "लिहिणाऱ्याकडून चूक होणारच. मी मग कशाले बसली आहे?" त्या दुपारी तुम्ही नोंद लिहिलीत. तपासणारी: नीलिमा. कारण: सर्व्हरकडून उत्तर न आल्यास काय, हे तपासणीत राहून गेलं.

राहून गेलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतं. ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं, आणि आपण दोघी एका हाताच्या अंतरावर बसलो होतो.

मी रोज ठरवायचे, आज सांगू. त्याच आठवड्यात गुरुवारी ती टेस्ट लिहिली, कोड दुरुस्त केला, तुमच्याकडे पाठवला. तुम्ही मंजूर करताना दोनच शब्द लिहिलेत: "बरं केलंस." मला इतकं हलकं वाटलं की सांगायचं राहूनच गेलं. मग एप्रिल आला, कूलर आले, माझी सेमिस्टरची परीक्षा आली. तुम्ही मला आणखी कामं दिलीत. दर वेळी विचारायचात, "टेस्ट आहे?" आता असायची. प्रत्येक वेळी असायची. त्या एका खोट्या होनंतर मी तुम्हाला एकही खोटं हो म्हटलेलं नाही. हे तुम्हाला कळलं होतं का, मला माहीत नाही.

आणि आपलं भांडण. किती सेकंद वाट बघून सर्व्हर मेला म्हणायचं? तुम्ही म्हणायचात दोन. मी म्हणायचे पाच तरी हवेत, एखादा नुसता हळू चालत असेल, त्याला घाईने मेलेला ठरवलं तर सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तोही जातो. "तू फार दयाळू आहेस," तुम्ही म्हणायचात. "बाहेर रांगेत उभ्या माणसाचीही दया कर थोडी." त्या शुक्रवारी आपण यावर इतक्या बोललो की आशिषभाऊ म्हणाले, दोघी बाहेर जाऊन भांडा. तुमचे डोळे लाल होते. मला वाटलं एसीमुळे.

शनिवारी मी तुम्हाला लिहिलं, ताई, पाच. तुमचं उत्तर नाही. रविवारी लिहिलं, बरं चार. उत्तर नाही. ठिपका हिरवा होता, म्हणून मी ठरवलं की तुम्ही रागावल्या आहात. सोमवारी तुम्ही आला नाहीत तेव्हाही मी फोन केला नाही. म्हटलं, राग उतरला की बोलतील. तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात, प्लेटलेट उतरत होत्या, आणि फोन सुनीलदादांच्या खिशात बंद पडला होता.

तो सर्व्हर आणि हा ठिपका, मी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघत नाही. प्रयत्न करते, न बघण्याचा.

शोकसभेत सर चांगलं बोलले. तुमच्या हाताखालून गेलेला कोड कधी दगा देत नसे, असं म्हणाले. मग थोडं हसून म्हणाले, "मार्चमध्ये एकदाच तिच्या नजरेतून एक गोष्ट सुटली, आणि तीसुद्धा तिने स्वतःच्या नावावर लिहून ठेवली. अशी होती नीलिमा." लोकांनी माना हलवल्या. सुनीलदादा पहिल्या रांगेत होते, त्यांनीही मान हलवली. तुमची एकुलती एक चूक म्हणून ज्या गोष्टीला सगळे माना हलवत होते, ती माझी होती. त्याच सभेनंतर सरांनी मला सांगितलं की तुमचा भाग आता मी बघायचा, आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष संपलं की कायम नोकरी.

सभेनंतरच्या रविवारी आईचा फोन आला.

"तुह्या ताईच्या घरी जाऊन आली का वं?"

"आले."

"जेवली का?"

"हो."

"खरं सांग."

"नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. प्रॉक्सी तिला कळली नाही, डॉक्टरच्या दारातला माणूस लगेच कळला. मागे दुसऱ्या बायकांचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "मंग आता तिथं नाव कोणाचं लागून आहे?"

"ताईंचं."

"तिच्या घरचे वाचतात का ते?"

"नाही आई. ते पान कोणीच उघडत नाही."

"तू तं उघडत असशीन ना."

सोमवारी मी ते पान उघडलं. दुरुस्ती लिहायची म्हणून मार्चमधले सगळे बदल काढून बसले, तारखा चुकू नयेत म्हणून. त्यात एक शाखा सापडली, मुख्य कोडपासून वेगळी काढून ठेवलेली, कधीच आत न घेतलेली. काढणारी तुम्ही. तिचं नाव "पायल-टेस्ट". वेळ त्याच सोमवारची, जेवणाच्या आणि नोंद लिहिण्याच्याही आधीची. आत एकच टेस्ट होती: दार उघडतो, आत घेतो आणि काहीच बोलत नाही असा सर्व्हर. वर तुमच्या पद्धतीची एक ओळ: "असल्याचं सांगितलं होतं. शोधली. सापडली नाही."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही जेवताना बाबांची गोष्ट सांगितलीत. माहीत असून नोंदीवर स्वतःचं नाव घातलंत. तुमची टेस्ट तयार होती, तरी तुम्ही ती आत घेतली नाहीत. मी माझी आणेपर्यंत तीन दिवस थांबलात. बरं केलंस, हे दोन शब्द मी सहा महिने शाबासकी म्हणून जपले होते. आता ते वाचते तेव्हा तुमचा आवाज वेगळाच येतो, आणि तो कसा आहे ते मला ठरवता येत नाही. तुम्ही मला क्षमा केली होती की वाट बघत होतात? बघत असाल तर किती दिवस बघणार होतात? याच गोष्टीवर तर आपण भांडत होतो. तुम्हाला दोन सेकंदांच्या वर धीर नसायचा, ताई.

मी ती शाखा पुसलेली नाही.

नोंदीत मी चार ओळी घातल्या आणि मंजुरीसाठी पाठवल्या. तिथले बदल कोणी तपासायचे ते एका यादीवरून आपोआप ठरतं. त्या यादीत तुमचं नाव अजून होतं. त्यामुळे पडद्यावर आलं, नीलिमा: उत्तराची प्रतीक्षा. मी ते दोन दिवस तसंच राहू दिलं. सकाळी आले की आधी तेच उघडायचे. वेडेपणा आहे, कळतं मला. पण एकदा तरी मी तुम्हाला विचारलं आहे, एवढंच हवं होतं.

आशिषभाऊंनी बघितलं. खुर्ची ओढून जवळ आले. "कशाले उकरून राहिली वं? तुझ्या नोकरीच्या कागदावर सरांची सही बाकी आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"ती गेली. तिले आता काय फरक पडते?"

"सुनीलदादांनी मान हलवली, भाऊ."

त्यांनी चारही ओळी वाचल्या, परत वाचल्या. "तिनं विचारलं होतं, याले साक्षीदार कोण?"

"मी."

"बरं," ते म्हणाले. "यादीतलं नाव मी काढू?"

तुमच्या मंजुरीशिवाय तो बदल आत जाणार नव्हता, आणि तुमची मंजुरी येणार नव्हती. तुमच्यावरचा दोष काढायला आधी यादीतून तुम्हालाच काढावं लागणार होतं. मी म्हटलं, नको, मी काढते. काल दुपारी काढलं. एकच ओळ होती. ती गेल्यावर खालचं नाव वर सरकलं, ते आशिषभाऊंचं. त्यांनी मंजूर केलं आणि उठून पाणी प्यायला गेले.

सरांना मी काहीच बोलले नाही. हे वाचतील तेव्हा कळेल.

सेकंदांचं मात्र तसंच आहे. सेटिंगच्या फाईलमध्ये तुम्ही लिहून ठेवलं आहे, "सध्या तीन. पायलशी बोलायचं बाकी." त्याला मी हात लावलेला नाही. तीन बरे चालले आहेत.

नोंदीत तपासणारी म्हणून तुमचं नाव मी तसंच ठेवलं आहे, ताई, कारण तुम्ही खरंच तपासलं होतं. "राहून गेलं" हे काढून तिथे "विचारलं होतं" असं लिहिलं. त्याखाली आता आणखी एक ओळ आहे. नियमात ती बसत नाही, पण आशिषभाऊंनी ती राहू दिली: विचारल्यावर खोटं सांगणारी, पायल.